ओलावा चाळीस टक्के

सोमवार, ३
आज कामावर रुजू झालो! शाळा नववीत सुटली, तरी माझं शुद्धलेखन पाहून सरांनी मला निवडलं. हे कळल्यावर ताई आधी हसली, मग रडली. आई गेल्यापासून तिनेच मला वाढवलं आणि काम अर्धवट सोडायचं नाही, हेही तिनेच शिकवलं.
प्रयोगशाळा लख्ख आहे. पेटीत काचेच्या पट्ट्या मांडून बाटलीचं झाकण उघडायचं. आतल्या द्रवाची वाफ ओलाव्याला भेटली की पट्टीवर सिलिकाचे तंतू उगवतात, केसाहून हजारपट बारीक. भट्टी नाही, धूर नाही. खोलीतला ओलावा तेवढा चाळीस टक्के हवा.

गुरुवार, ६
खोलीत ओलावा सोडणारं यंत्र बिघडलं. सर म्हणाले, असू दे, माणसाच्या श्वासातही ओलावा असतो, पेटीपाशी खुर्ची टाक आणि श्वास घेत बस. सासुरवाडीला आलेल्या जावयालाही एवढा आराम नसतो. ओलावा मोजणारा काटा छत्तीसवर अडला होता. दाराखालून वारा येत होता, म्हणून मी आपणहून फट ओल्या फडक्याने बुजवली. चाळीस! सरांनी पाठ थोपटली.

मंगळवार, ११
तंतू सुरेख आले. पट्टीवर पाणी ठरतच नाही, मण्यांसारखं घरंगळतं. पलीकडच्या खोलीतही माणूस हवा आहे. ताईचं नाव सुचवलं. सर म्हणाले, बोलव की. लगेच पत्र टाकलं.

शुक्रवार, १४
सकाळी तोंड धुताना पाणी गालांवर ठरेना. मण्यांसारखं घरंगळलं. डोळ्यांत सारखं कुसळ सलतंय. सरांना सांगितलं. त्यांनी भिंगातून माझी जीभ पाहिली, वहीत टिपून घेतलं. म्हणाले, आधीचा सातव्या दिवशीच आंधळा झाला, तू नववा गाठलास, शाबास. जाताना दाराला बाहेरून कुलूप लावलं.

रविवार, १६
सगळं दुधासारखं दिसतं. बोटाने ओळ धरून लिहितो. ताईला दोनच वाक्यं लिहिली — येऊ नकोस. आलीस तर दारातूनच परत फिर. पत्र सरांच्याच हातात द्यावं लागलं, दुसरं इथे येतंच कोण? त्यांनी ते मोठ्याने वाचलं. डोळे गेले तरी वेलांटी चुकत नाही, असं कौतुक केलं. मग नळ सोडला, कागद भिजवला आणि दाराखाली — फडकं वाळलं होतं म्हणे —

सोमवार, बहुधा
पाणी पितो, जीभ भिजत नाही. श्वास रोखून पाहिला. काटा उतरला की घंटा वाजते, सर येतात, नुसते उभे राहतात — शेवटी श्वास घ्यावाच लागतो —

वार कळत नाही
भिंतीपलीकडे ताई. हसतेय. माझा भाऊ कुठे, विचारतेय. सर सांगतायत, कामात आहे, फार मन लावून करतो. नुसतं बसायचं? म्हणतेय. अगंबाई, जावईच झाले की मी —
ओरडलो. घशात लोकर. आवाज नाही —
खुर्ची सरकली. उठली. जातेय? जा, ताई —
नाही. फडकं मागतेय. दाराखालून वारा येतोय म्हणे —
ताई, फट बुजवू न