ओळ संपली की एंटर

प्रिय मामा,

हे पत्र मी तुमच्या पद्धतीनं टाईप करते आहे. ओळ कडेला आली की एंटर, पुन्हा ओळ, पुन्हा एंटर. हसू नका! तुमची फाईल परत मिळाली, मामा. काल लातूरला येऊन मामींना ती वाचून दाखवली. माझ्या शाळेत सगळ्यांना सांगून झालं, शेजारणींना सांगून झालं, आणि ज्यांना आधी सांगायचं ते तुम्हीच राहिलात. म्हणून हे पत्र.

तुम्ही गेल्यावर तुमच्या संगणकाकडं कुणी बघितलंच नाही. मामींनी विणलेला रुमाल त्यावर तसाच होता. तेरावा झाल्यावर त्या म्हणाल्या, "उषे, ते गावाचं काय लिहायले होते ते काढ की. त्यात माझ्या सासूबाई हायत." मी उघडायला गेले तर फाईल उघडेचना. फाईल खराब झाली आहे, एवढंच पडद्यावर. मामींना ते कोणत्या तोंडानं सांगू?

भूकंपात गावातलं घर गेलं, आजी गेली, आणि आजीचा एक फोटोसुद्धा उरला नाही. तुम्ही दोघं तेव्हा लातुरात, तुमच्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या मागच्या खोलीत राहत होता म्हणून वाचलात. पुढं कधी आजीचा विषय निघाला की तुम्ही म्हणायचात, "फोटू न्हाई तर न्हाई. मी आईला लिहून ठेवायलोय." आणि जिथं लिहून ठेवलं, तीच फाईल गेली!

जरा रागावू का? संगणक बंद करायची एक रीत असते हे किती वेळा सांगितलं तुम्हाला! पण तुमचं आयुष्य टाईपरायटरवर गेलेलं. काम झालं, मशीन झाकलं, उठलं. तसं लिहिणं झालं की तुम्ही भिंतीवरचं बटणच खटकन पाडायचात. मी ओरडले की वर मलाच विचारायचात, "मशीनला काय रामराम घालून उठायचं असतंय का?" घालायचा असतो, मामा. फाईल त्यातच कधीतरी चेंगरली असणार.

खरं तर त्या वयात तुम्ही संगणक शिकलात याचंच मला नवल वाटायचं. लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघाले, टायपिंगला येणारी पोरं फिजिक्स-बायोलॉजीला जाऊ लागली. दुसरा कुणी कपाळाला हात लावून बसला असता. तुम्ही मशीनं विकून एक संगणक आणलात आणि त्याच क्लासवाल्यांच्या प्रश्नपत्रिका टाईप करायला घेतल्यात. "पोरं आपल्याकडं येईनात, तर आपुन पोरांकडं जाऊ." त्या प्रश्नपत्रिकांवर तुमचं घर चाललं आणि माझं नांदेडचं बी.एड.ही झालं. मी आज मास्तरीण आहे ती तुमच्या बोटांच्या जोरावर. हे तुमच्या तोंडावर कधी म्हटलं नाही. तुम्ही "जा गं, चहा टाक" म्हणून उडवून लावलं असतंत!

तर फाईल. पेनड्राइव्हवर घेऊन जाते म्हटलं तर मामी ऐकेनात. "अख्खी पेटी ने. मागं काही राहिलं म्हंजे?" मागं राहणं म्हणजे काय ते त्यांच्याइतकं कुणाला कळणार? मी संगणकाची पेटी उचलली आणि मांडीवर घेऊन नांदेडच्या एसटीत बसले. वाटेत लोह्याला एक बाई शेजारी येऊन बसल्या. "काय न्यायल्या मॅडम एवढं जपून?" मी म्हटलं, "माझे मामा आहेत." बिचाऱ्या उठून मागच्या सीटवर गेल्या.

घरी येऊन आधी फाईलची नक्कल करून घेतली, कारण मूळ फाईलला हात लावायचं धाडस माझ्यात नव्हतं. मग खराब फाईलमधला मजकूर काढून देणारं एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. ते बराच वेळ चाळत बसलं आणि शेवटी त्यानं पुढ्यात टाकला इंग्रजी अक्षरांचा नुसता काला! मी रडायच्या बेताला आले. मग डोक्यात उजेड पडला. मामा जुन्या मराठी फॉन्टमध्ये लिहायचे, तो लावल्याशिवाय मराठी दिसेलच कशी? तुमच्याच पेटीतून फॉन्ट काढून लावला आणि पडद्यावर आलं, 'आमच्या गावाला दोन वेशी होत्या.' मामा, मी अशी ओरडले की आमचे हे अंघोळ अर्धी टाकून बाहेर आले.

पण मजकुरात मध्येमध्ये कचरा शिरला होता. चौकोन, प्रश्नचिन्हं, अर्थ नसलेली अक्षरं. तिथं तुमची खोड कामाला आली. टाईपरायटरवर ओळ संपत आली की घंटी वाजते आणि दांडी सरकवून खालच्या ओळीवर जावं लागतं. संगणक आपला आपण खाली उतरतो हे सांगून मी थकले, तरी प्रत्येक ओळीला तुमचं एंटर ठरलेलं. "तुझ्या मशीनला घंटी न्हाई, तर मी मनात वाजवतो." त्यामुळं तुमची ओळ न् ओळ सुटी आणि सारख्या लांबीची निघाली. कचरा कुठं लांबलचक, कुठं तुटका. नुसतं बघून कळायचं, ही ओळ मामांची आणि ही नव्हे. तांदळातले खडे काढावेत तशी मी निवडत गेले. तुम्ही माझं ऐकलं असतंत तर हे सगळं एकात एक कालवलं गेलं असतं. बरं झालं नाही ऐकलंत!

काल मामी खाटेवर बसल्या होत्या आणि मी वाचत होते. 'भाकरी थापताना आई पाटल्या कोपरापर्यंत सरकवायची.' मामींनी लगेच हात वर केला. "कोपरापर्यंत? एवढ्या सैल न्हवत्या गं. मनगटाच्या जरा वर. तुझ्या मामाला लई वाढवून सांगायची सवय." मी पुढं वाचलं, 'शाळेतून आलो की आई दारातूनच म्हणायची,' आणि थांबले. त्याखालच्या दोन ओळी गेल्या होत्या. तिथं सॉफ्टवेअरचंही काही चाललं नव्हतं.

"मामी, आजी काय म्हणायची ते गेलंय."

"कुठं जातंय? 'आलास का राजा? आधी पाय धू, मग तोंड उघड.' वावरातनं आले की मला बी हेच. राजाच्या जागी बाई, एवढाच फरक."

मामा, मामी ते आजीच्या आवाजात म्हणाल्या. तो बारीक, ताणलेला आवाज मी लहानपणी ऐकला होता आणि पार विसरून गेले होते. मी म्हटलं, "मामी, परत म्हणा." त्या परत म्हणाल्या. मग आम्ही दोघी रडलो आणि रडता रडता हसलो. मामी डोळे पुसत म्हणाल्या, "हाव, ह्याच त्या सासूबाई."

तर आता माझा शब्द. तुमचं गाव मी छापून घेईन आणि पुनर्वसनातल्या नव्या गावात घरोघरी देईन. ओळी तुम्ही मोडल्यात तिथंच मोडतील. आजीच्या पाटल्या तुमच्या म्हणण्याप्रमाणे कोपरापर्यंतच राहतील, खाली बारीक टाईपात मामींची तक्रार असेल. आणि त्या दोन गेलेल्या ओळींच्या जागी आजीचं बोलणं मी स्वतः टाईप करेन. मनात घंटी वाजवेन, एंटर दाबेन आणि मग मशीनला रामराम घालूनच उठेन.

तुमच्याकडं टायपिंग शिकलेली,
उषी