वीतभर एल्सी

१२ ऑगस्ट, बुधवार

जेवणाचं टेबल गेलं! आता त्यावर लाइलचे तीन खोके. तिन्ही अमेरिकेहून मागवलेले, प्रत्येकात एकेका खेळण्यातल्या ट्रकचे सुटे भाग. आणि त्यातला एकही ट्रक नवऱ्याला नको! एकाची केबिन घेणार, दुसऱ्याचा सांगाडा, तिसऱ्याची चाकं. मी म्हटलं, हवा तो सरळ का नाही घेत? तर म्हणे, आपला कुणी बनवतच नाही.

आपला म्हणजे अंगणात उभा आहे तो. एल्सी. स्वतःच्या आईचं नाव दिलंय त्याने ट्रकला. माझं नाही. एकोणतीस वर्षं संसार केला मी — जाऊ दे.

मार्चमध्ये याच टेबलावर त्याला फिट आली. डॉक्टरने कागद लिहिला आणि लायसन्स गेलं, कायमचं. आता या महिन्याच्या एकोणतीसला चार्लव्हिलहून क्लेम, जुने ट्रक विकत घेणारा, येऊन एल्सी घेऊन जाणार. फोन मीच केला होता. दिवसभर खिडकीत बसून ट्रककडे बघणारा नवरा मला नको. त्याआधी याला छोटी एल्सी पुरी करायचीय. मोठी गेली की मापं कशावरून घेणार?

१४ ऑगस्ट, शुक्रवार

अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडे असतं, आपल्याकडे उजवीकडे. म्हणजे खोक्यातल्या केबिनमध्येही डावीकडेच. लाइलने तो काडेपेटीएवढा डॅशबोर्ड करवतीने कापला, तुकड्यांची अदलाबदल केली, चिकटवला. सांध्यावरून मी नख फिरवलं. सांधा नखाला लागला नाही. माझ्याने तर सुईत दोराही एका दमात ओवला जात नाही.

१५ ऑगस्ट, शनिवार

केसांचा स्प्रे संपला. मी वापरलेला नाही.

१६ ऑगस्ट, रविवार

कळलं! आधी गंजाचा रंग, त्यावर माझा स्प्रे, त्यावर पांढरा रंग. मग ओल्या ब्रशने घासायचं. स्प्रे विरघळतो, पांढरा रंग निघतो, खाली गंज. दरवाज्याची कड अशी झाली की हात लावला तर कापेल. स्प्रे नवा आण म्हटलं. दोन आणीन म्हणाला.

१८ ऑगस्ट, मंगळवार

आतली मापं हवी होती. मार्चपासून लाइल एल्सीवर चढलेला नाही. डॉक्टरने चालवू नको म्हटलंय, बसू नको नाही म्हटलेलं. पण नाहीच चढत. खाली वही घेऊन उभा राहिला आणि मला टेप देऊन वर पाठवलं.

ड्रायव्हरच्या जागेवर मी पहिल्यांदा बसले आज. बापाचा ट्रॅक्टर नऊ वर्षांची असताना चालवला, पण हे निराळंच. कुंपण दिसतं, कुंपणापलीकडचा ओढा दिसतो, त्यापलीकडेही दिसतं. एवढं सगळं दिसतं, हे या माणसाने घरी येऊन कधी सांगितलं नाही. गिअरचा दांडा हातात धरला. मूठ त्याच्या तळव्याने झिजून गुळगुळीत झालीय. खालून ओरडला, "झोपलीस का?" मी आकडे सांगितले. मग उगाच पुन्हा एकदा मोजले. बसता यावं म्हणून.

२१ ऑगस्ट, शुक्रवार

धूळ चढवायचा दिवस. अंगणातली लाल माती घेतली. तशीच लावली तर छोट्या ट्रकवर एकेक कण दगडाएवढा दिसेल म्हणे. म्हणून माझ्या स्टॉकिंगमधून चाळली, दोन चमच्यांमध्ये चिरडली, पुन्हा चाळली. मग ब्रशने सगळीकडे सारखी लावली. दुपारभर. शेवटी विचारलं, कशी दिसते?

मी खोटं बोलत नाही. म्हटलं, "केकवर कोको भुरभुरल्यासारखी."

त्याचं तोंड उतरलं.

मी म्हटलं, "तू ती चालवलीस, लाइल. धुतली मी. धूळ कुठे बसते ते मला विचार."

सांगितलं सगळं. दाराच्या हँडलभोवती धूळ नसते, तिथे हात घासतो. पायरीच्या मधोमध नसते. डिझेलच्या टाकीवर तेल गळतं, तिथे काळी होऊन चिकटते. काचेवर वायपर फिरतो तेवढं चंद्रकोरीसारखं साफ. आणि मागच्या चाकांवर ती धूळ नसतेच, तो चिखल असतो. वाळलेला, भेगाळलेला. तो काढताना माझी नखं तुटलीयत.

त्याने ओलं फडकं घेऊन सगळी धूळ पुसून टाकली. दुपारभराचं काम! मला वाटलं, रागावला. तर खुर्ची सरकवून म्हणाला, "बस इथे. पायरीपासून सांग."

२३ ऑगस्ट, रविवार

दोन दिवस बसलो. मी बोट दाखवते, तो लावतो. नको तिथे लागली की त्याच्या हातावर चापट मारते. मोठ्ठा राकट हात, पण ब्रश धरला की थरथर नाही, काही नाही. मागच्या चाकावर चिखल असा चढवला की मला बादली आणावीशी वाटली. दारावर "एल्सी" लिहिलं, एका केसाच्या ब्रशने, श्वास रोखून. मीही रोखला. या माणसाने असल्या हातांनी इतकी वर्षं फक्त गुरं वाहिली!

२६ ऑगस्ट, बुधवार

क्लेमचा फोन. शनिवारी दहाला येतो म्हणाला. लाइल बोलायला आला नाही.

२८ ऑगस्ट, शुक्रवार

झाली पुरी. टेबलाला डोळा टेकवून बघितलं, तर आता धुरळा उडवत फाटकातून आत येईल अशी. असं काम मी कुठे पाहिलेलं नाही. त्याला तसं सांगितलं. एकोणतीस वर्षांत त्याला बरं म्हटल्याचं मला आठवत नाही, त्यालाही आठवत नसणार. त्याचे कान लाल झाले.

मग म्हणाला, "मला आता ही पुरे. मोठी नेऊ दे त्याला."

म्हणाला, पण बघत होता खिडकीबाहेर.

भांडी तशीच टाकली आणि गावात जाऊन आले.

२९ ऑगस्ट, शनिवार

क्लेम आला. त्याला चहा दिला आणि परत पाठवला. एवढ्या लांबून आलेला, शिव्या घातल्या त्याने. बरोबरच आहे. लाइल फाटकात उभा, त्याला काही कळेना. मी ट्रकच्या लायसन्सचा फॉर्म त्याच्या हातात दिला. काल गावातल्या पोलीस स्टेशनातून आणलेला (इथे लायसन्सची कामं तिथेच होतात), माझं नाव भरलेला.

बराच वेळ वाचत राहिला. मग म्हणाला, "अठरा गिअर आहेत, मर्ल."

"मग अठरा शिकव."

तिसऱ्यावरच भांडण झालं.