लुगड्याचं शीड

आई, तू आबांबरोबर नावेत बसून गेलीस त्या दिवसाबद्दल आपण दोघी कधी बोललो नाही. आता तर तुझ्यापेक्षा मीच वयानं मोठी झालेय. तरी पाटणच्या या घरात दुपारी एकटी बसले की तो दिवस समोर येतो आणि मान आपोआप खाली जाते. लाज नक्की कशाची, हे तेव्हा कळलं नव्हतं. आज थोडं कळतंय, म्हणून लिहायला बसले.

सुरुवात आबांच्या त्या गोष्टीपासूनच करायला हवी. मोठी लढाई संपल्यावर त्यांची पलटण काही महिने ग्रीस देशात होती. ते ‘गिरीस’ म्हणायचे. तिथं समुद्राकाठी एका कोळ्याची होडी वाळूतून ओढायला त्यांनी हात लावला, म्हणून त्या कोळ्यानं आणि त्याच्या बायकोनं एका रविवारी त्यांना होडीतून नेलं. दिवसभर किनाऱ्याकिनाऱ्यानं हिंडले. सुकाणू बायकोच्या हातात, आणि नवरा पाय पसरून शिडाच्या सावलीत. मासे धरायचे नव्हते, बाजार गाठायचा नव्हता. आबांनी खुणेनं विचारलं, कुठं निघालोय? त्यानं चारी बाजूंनी हात फिरवला आणि हसला. दुपारी एका खडकाच्या आडोशाला होडी थांबवून तिघांनी पाव आणि खारवलेली काळी कडवट फळं खाल्ली. एवढीच गोष्ट. आबा ती दर हिवाळ्यात शेंगा फोडताना सांगायचे. लढाईतलं बाकी काही सांगायचे नाहीत. एकदा तू चुलीपुढून विचारलंस, “आन् त्या बाईच्या घरच्या भाकरी कुणी थापल्या?” सगळे हसले. आबा हसले नाहीत. विचार करून म्हणाले, “त्या दिवशी कुणीच न्हाई.” तुझा हात परातीत तसाच थांबला होता, मला आठवतंय.

तू माणची. तुझ्या माहेरी नदी म्हणजे वाळू. झिरा खणायचा आणि वाटीवाटीनं घागर भरायची. लग्न होऊन कृष्णाकाठी आलीस तरी पाण्याची धास्ती गेली नाही. घाटावर धुणं धुताना गुडघ्याच्या वर पाणी येऊ द्यायची नाहीस. अशा तुला आबा नावेतून न्यायचं म्हणत होते. नावाड्याची एक जुनी होडी काठावर पालथी पडलेली असायची, ती त्यांनी मागून घेतली, डांबर लावलं, बांबू उभा केला. शिडाला कापड हवं होतं. घरातलं सगळ्यात घट्ट विणीचं कापड म्हणजे तुझं जुनं हिरवं इरकल लुगडं. तू नको नको म्हणत होतीस. “आवं, पोरगी लग्नाला आलीया, लोक काय म्हणतील?” असं तू म्हणालेलं मी माजघरातून ऐकलं आहे. आबा चिडले नाहीत, हट्टही केला नाही. नुसतं म्हणाले, “एक दिस. पुन्यांदा मागनार न्हाई.” दुसऱ्या दिवशी तू स्वतःच सुई-दोरा घेऊन लुगड्याचे पदर जोडायला बसलीस.

ऊस कारखान्याला गेला होता, शेतात फार काम नव्हतं. तू अंधारात उठून साऱ्या घराच्या भाकरी थापून ठेवल्यास आणि मग निघालीस. थोरले काका, म्हणजे आबांचे मोठे भाऊ, घरातले कर्ते, वांगी गावाकडं गेले होते. ते असते तर तुम्ही निघालाच नसता. घाटावर धुणाऱ्या बायकांनी होडी पाहिली आणि त्याआधी शीड ओळखलं. गावातल्या प्रत्येक लग्नात तू तेच लुगडं नेसून गेली होतीस. मी पाण्याला गेले तेव्हा एकजण दुसरीला म्हणत होती, “नवऱ्यानं लुगडं काठीला लावलंय बघ, आन् ही बया खाली बसलीया.” माझी घागर अर्धीच भरली होती. तशीच घेऊन आले.

आणि नेमके त्याच दिवशी पाहुणे आले. काका ज्यांच्याकडे माझ्यासाठी शब्द टाकायला गेले होते, ते त्यांच्याबरोबरच आले, जाता जाता मुलगी बघून जाऊ म्हणून. काकीनं घाईघाईनं मला नेसवलं, पोहे केले. पाहुण्यांनी विचारलं, मुलीचे आईवडील कुठं आहेत? काकांनी काकीकडं बघितलं, काकीनं जमिनीकडं. शेवटी दारात जमलेल्या पोरांपैकीच कुणीतरी सांगून टाकलं. पाहुण्यांमधल्या म्हाताऱ्यांनी पोह्यांची ताटली हळूच खाली ठेवली. ते रागावले नाहीत, वाईटही बोलले नाहीत. “आता आलोच हाय तर भेटूनच जाऊ,” म्हणाले आणि बसून राहिले. दुपार सरली. मी दाराआड नव्या लुगड्यात घामाघूम होऊन उभी, आणि बाहेर माझ्या लग्नाचे पाहुणे माझ्या आईची नदीवरून यायची वाट बघताहेत.

दिवस कलायला आला तेव्हा तुम्ही आलात. पुढे आबा, मागे तू, काखेत ते शिडाचं बोचकं. निऱ्या ओल्या, पायाला चिखल, केस सुटलेले, उन्हानं गाल तांबूस झालेले. तू काहीतरी बोलत होतीस आणि आबा मागे वळून हसत होते. अंगणात पाऊल टाकलंस आणि पाहुणे दिसले. आई, त्याआधी क्षणभर मी तुझा चेहरा पाहिला होता. तसा चेहरा मी तुझा कधीच पाहिला नव्हता, माझ्या मैत्रिणींपैकी एखादीचा असावा तसा. आणि मला तोच सहन झाला नाही. चिखल चालला असता, केस चालले असते. तुझं ते सुख चारचौघांत दिसलं याची मला लाज वाटली.

काकांनी आवाज चढवला नाही. “लेकीला बघाया पाव्हणं आल्यात, आन् तू बायकू घिऊन पान्यात ख्येळतूस व्हय रं?” एवढंच आबांना विचारलं. आबा सरळ उभे राहिले, साहेबापुढं उभे राहावेत तसे. सगळं अंगण त्यांच्या उत्तराची वाट बघत होतं. उत्तर आलं नाही. मग तू डोक्यावरून पदर घेतलास, पुढं आलीस आणि म्हणालीस, “मीच हट धरला. त्यास्नी बोलू नगा.” पाहुणे उठले. घर चांगलं आहे, मुलगी चांगली आहे, कळवतो म्हणाले. कळवलं नाही.

त्यानंतर तू घाटावर जाणं सोडलंस. धुणं शेतातल्या विहिरीवर नेऊ लागलीस. ते हिरवं लुगडं एका वाकळेत घातलंस, मधल्या थराला, वरून दिसणार नाही असं. आबांनी गिरीसची गोष्ट पुन्हा कधी सांगितली नाही, आणि आम्हीही मागितली नाही. होडी नावाड्यानं परत नेली. दुसऱ्या साली माझं लग्न इकडे पाटणला झालं, आणि घर खरोखरच चांगलं मिळालं.

तू गेल्यावर आबा काही दिवस माझ्याकडे राहायला आले होते. एकदा जेवण झाल्यावर त्यांनी आपणहून विषय काढला. निघताना तू होडीची कड दोन्ही हातांनी धरून डोळे गच्च मिटले होतेस, म्हणाले. वळणावरच्या बाभळी मागे पडल्यावर उघडलेस. काठावरून हरभऱ्याचे डहाळे आणून दोघांनी भाकरीबरोबर घाटे खाल्ले. मग तुला सावलीत डोळा लागला. दिवसा कधी पाठ टेकली नव्हतीस तू. होडी काठाला लावून ते बसून राहिले. “झोपली हुती गं. उठवू कशी? म्हनून उशीर झाला,” ते म्हणाले. मी खरकटं काढायला उठले तेव्हा म्हणाले, “तिथं म्या बोलाया पायजे हुतं. लढाईत भ्यालो न्हाई, थोरल्याफुडं भ्यालो.” त्यांच्याकडे बघवेना म्हणून मी ताटं घेऊन आत गेले. पाणी सोडून ती कितीतरी वेळ घासत बसले.

हे तुला सांगायचं होतं. त्यांनी तुझ्यापाशी कधी कबूल केलं होतं का, मला माहीत नाही. नसेल तर आता ऐक. आणि अंगणात तुला पाहून मी तोंड फिरवलं ते तुला दिसलं होतं का, हेही विचारायचं होतं. पण हा कागद मी धाडणार तरी कुठं? थोड्या वेळानं फाडून चुलीत घालीन. कुणाच्या हाती लागलेला मला चालणार नाही.

इथून कोयनेचं धरण जवळ आहे. वरच्या बाजूला लाँच चालते. यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. दर हिवाळ्यात हे विचारतात, “चल, एक दिवस पाण्यावरून हिंडून येऊ, दोघंच.” आणि दर हिवाळ्यात मी गुडघे दुखतात म्हणते. ते बिचारे तेल आणून देतात, कधी स्वतः चोळूनही देतात. आई, माझे गुडघे चांगले आहेत.