रेहानाचा डबा

शनि., ८ फेब्रु.
आठ दिवसांपूर्वी, शुक्रवारी, मी एका बाईला गप्प केलं. तिला काय सांगायचं होतं ते आज कळलं, म्हणून लिहायला बसले. कुणाला सांगण्याची हिंमत नाही.

शुक्रवारचा आखातातल्या आम्हा मराठी बायकांचा गट माझ्याच घरी, अल हिलालला, जमतो. नियमही माझाच. रडगाणं नको, आठवड्यातली एक चांगली गोष्ट सांगायची. तक्रार केली की दंड, पुढचं खाणं तिच्याकडे. रेहाना म्हणाली, "आई घरात पडली, रत्नागिरीला..." मी म्हटलं, "दंड!" सगळ्या हसल्या. तीही हसली.

काल सांदणांचा मोठा डबा घेऊन आली. तिची चांगली गोष्ट: वक्राहून मेट्रो लगेच मिळाली. मी टाळ्या वाजवल्या.

आज तिच्या शेजारच्या सुनीताचा फोन. रेहानाची आई अंथरुणाला खिळलीय. हिला जायचंय, पण नवऱ्याची साइटवर रात्रपाळी आणि सानियाची दहावीची परीक्षा पंधरापासून. मुलीला कोण ठेवून घेईल, एवढंच त्या दिवशी विचारायचं होतं.

रिकामी खोली गटात फक्त माझ्याकडे आहे. बोलताना ती माझ्याकडेच बघत होती.

रवि., ९
वेस्ट बेमधल्या ऑफिसला गेले. दोन पत्रं चुकीच्या माणसांना पाठवली.

तिने सरळ फोन करायला हवा होता... असं लिहिलं होतं. खोडलं.

हे गेले तेव्हा पंधराव्या दिवशी मी कामावर हजर. मन खंबीर ठेवायचं आपल्याच हातात असतं, हे गटात किती वेळा सांगितलं. त्यानंतर चार महिने शेजारच्या नायरबाई रोज डबा द्यायच्या, हे एकदाही नाही.

सोम., १०
रेहानाला फोन केला. तीनदा नंबर लावून तोडला, मग केला. खोली रिकामी आहे म्हटलं. माफीचं वाक्य ठरवून ठेवलं होतं, ते आलंच नाही.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आता आई ओळखत नाही, ताई. परवापासून."

मी म्हटलं, तरी जा.

"जाणारच. तुमचा राग नाही. मीसुद्धा आईला रोज फोनवर सांगायची, सगळं मस्त चाललंय. तिला वाटलं असेल, हिला यायचंच नाही."

हे मला बरं वाटावं म्हणून म्हणाली की खरंच, कळलं नाही. बरं वाटलं नाही.

बुध., १२
गटावर मेसेज टाकला: दंड बंद. नियमाने रेहानाचं नुकसान झालं, चूक माझी. सुनीता लिहिते, "मग आता रडायची परवानगी का, मॅडम?" पुढे हसरे चेहरे. मी 'हो' लिहिलं.

आनंदी राहायचं ठरवता येतं, हे मी अजूनही मानते. पण रेहानाने काय ठरवायचं ते मी ठरवत होते. वर टाळ्या.

गुरु., १३
दुपारी दोघी टॅक्सीने आल्या. रेहानाचं विमान संध्याकाळचं. सानियाचे डोळे सुजलेले. कशी आहेस विचारलं तर, "ऑल गुड, आंटी." शाब्बास म्हणणार होते. जीभ चावली. तिला खोलीत नेलं, दार लोटून घेतलं आणि म्हटलं, इथे रडलं तरी चालतं. तिने मान हलवली. रडली नाही.

ताब्यात घेतलं: सानिया. एक बॅग, पुस्तकांची पिशवी, हॉल तिकीट. सकाळी साडेपाचला उठवायचं, गणिताच्या आदल्या दिवशी पोट दुखतं.

दिलं: सानियाला घराची जादा किल्ली. रेहानाला तिचा सांदणांचा डबा. रिकामा कसा द्यायचा, म्हणून रव्याचे लाडू भरले होते. तिने लाडू कागदात बांधून घेतले. डबा माझ्या ओट्यावर ठेवला.

"आल्यावर नेईन," म्हणाली.

कधी, ते विचारलं नाही.