एखादा की कोणताही

८ फेब्रु., रवि.
पापडीला सरांकडे. ते नुकतेच चर्चमधून, मिस्साहून आलेले. प्रबंध महिनाअखेर द्यायचाय, तरी गाइड म्हणून त्यांचा नियम सुटत नाही: प्रत्येक सिद्धता एकदा मराठीत सांगायची. चिन्हं नाहीत, इंग्रजी नाही, पाहुण्याला सांगावी तशी. आज प्रश्नच सांगून झाला. गावं पुष्कळ, दवाखाने मोजके. कुठे उघडले तर सर्वांत लांबच्या घरालाही कमी चालावं लागेल? अचूक उत्तर शोधायला जन्म पुरायचा नाही. म्हणून झटपट उत्तर, पण हमीसकट. आमच्या अटींवर आजवरची हमी: सर्वोत्तम अंतराच्या तिपटीच्या आत. आमची दुपटीच्या. सगळा डोलारा सरांच्या एका लेमावर, म्हणजे मधल्या छोट्या सिद्धांतावर. काय सुंदर लेमा आहे!

११ फेब्रु., बुध.
घरी लेमाची तालीम. इंग्रजीत लिहिलंय 'एनी क्लिनिक'. मराठीत म्हटलं, "कोणताही दवाखाना हलवला तरी हमी टिकते", आणि जीभ अडखळली. सिद्ध केलंय ते एवढंच, की हलवता येईल असा एखादा दवाखाना असतो. पुढच्या पानावर मात्र कोणताही हलवून मोकळे. 'एनी'च्या पोटात दोन्ही मावले. सरांना कसं सांगू. याच लेमावरचा आमचा निबंध परिषदेने स्वीकारलाय, आणि...

१८ फेब्रु., राखेचा बुधवार
सांगितलं. सरांच्या कपाळावर राख. पान ओढून घेतलं, बराच वेळ वाचत बसले. आंटींनी, सरांच्या पत्नीने, आतून चहाला हाक मारली, ती ऐकूच गेली नाही. मग म्हणाले, "लेमा माझा, चूक माझी. तू अडखळलीस ते फार बरं झालं."
माझ्यासमोरच परिषदेला मेल: निबंध मागे घेत आहोत. मी म्हटलं, आठवडाभर दुरुस्तीचा प्रयत्न करू, मग कळवू.
"खोटी हमी आठवडाभर तरी का द्यायची?"
ऑटोत रडले. रागही आला. कॉलेजातली माझी नोकरी या पीएच.डी.वर कायम व्हायचीय. पण असा गाइड मिळाला याचा अभिमान त्याहून मोठा, हेही खरं.

२० फेब्रु., शुक्र.
नितीन म्हणतो, तिपटीचंच दे नि मोकळी हो. नवऱ्याचं काही चूक नाही. पण तिपटीत माझं काय आहे?

२२ फेब्रु., रवि.
दोनच दवाखाने असतील तर 'कोणताही' सिद्ध झालं! सरांनी उलटसुलट प्रश्न विचारून घाम काढला, शेवटी 'बरोबर' म्हणून वहीवर टिचकी मारली. तीन आले की पुन्हा बोंब.

२७ फेब्रु., शुक्र.
मुदतवाढीचा अर्ज. कारणाच्या जागी 'प्रकृती अस्वास्थ्य' टाकणार होते, सगळे तेच टाकतात. सरांनी अर्ज मागून घेतला आणि स्वतःच लिहिलं: 'मार्गदर्शकाच्या सिद्धतेत चूक. विद्यार्थिनीने शोधली.' खाली सही. मी म्हटलं, सर, लोक काय म्हणतील?
"आधी वाचू देत तरी."
दुपारी विद्यापीठात गेले. खिडकीवरच्या बाईंनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. म्हणाल्या, असं लिहिलेलं मंजूर होईल की नाही, सांगता येत नाही. कोरा अर्ज पुढे केला. "बदलून देताय?"
नाही म्हटलं.