तुमचं अर्धंच बोलणं

प्रिय सुशीलाताई,

सोळा वर्षं आपण जावा एकाच अंगणात राहिलो, त्यामुळे तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. काही सांगायचं असलं की मी चुलीपासूनच हाक मारायची. आज लिहायला बसले, कारण काल तुमची रूथ जानेफळहून आली होती आणि तिने मला एक प्रश्न विचारला. उत्तर द्यायचं टाळून मी चहा ठेवते म्हणून आत गेले आणि साखर टाकायची विसरले. तिने तो तसाच घेतला आणि चारच्या गाडीने परत गेली.

"काकू, माही आई देवाले शिव्या देत होती का?" असं विचारलं तिने. सासरी तिच्या कानावर आलं म्हणे. आपल्या चर्चच्या मंडळीतल्याच कुणीतरी तिच्या नणंदेला सांगितलं, की अमडापूरची सुशीलाबाई शेवटी विश्वासात राहिली नव्हती.

तुम्हाला जाऊन दीड महिना झाला. मी अजून रडले नाही, ताई. मातीच्या दिवशीही नाही. लोकांना वाटलं, मंदाचा विश्वास बघा केवढा पक्का! तसं काही नव्हतं. आतून काही येतच नव्हतं. सकाळी उठते, अंगण झाडते, अंगणवाडीत लेकरांना खिचडी वाढते, परत येऊन भाऊजींना भरवते. तुमच्यासारखीच भाकरी दुधात कुस्करते. लकव्याने वाकडं झालेल्या तोंडातून थोडं ओघळतं, ते पुसते. सगळं वेळेवर होतं, पण करणारी कुणी दुसरीच बाई आहे असं वाटतं. जेवणाआधी आभार मानायला हात जोडले की 'प्रभू' म्हणते आणि पुढे शब्दच येत नाही. परवा हे म्हणाले, "काऊन थांबली?" मी म्हटलं, "जेवा तुम्ही, भाजी गार होऊन राह्यली."

आणि ही मी, जिला गुरुवारच्या बहिणींच्या सभेत शेवटच्या प्रार्थनेसाठी मुद्दाम उभं करायचे. तुम्ही हसून म्हणायचात, "मंदे, तू प्रार्थना करते का भाषण देते वं?" मला राग यायचा. पण तुम्ही बरोबर ओळखलं होतं. डोळे मिटून बोलताना माझं निम्मं लक्ष बायांच्या 'आमेन'कडे असायचं. एखादीचा हुंदका ऐकू आला की मला बरं वाटायचं. शब्द देवासाठी आणि मन बायांकडे, असं किती वर्षं चाललं असेल?

मार्चमध्ये आपण अंगणात मिरच्यांचे देठ खुडत बसलो होतो, ती दुपार आठवते ना? भाऊजींना नुकतंच पुसून-बिसून झोपवलं होतं तुम्ही. हात झोंबत होते. तुम्ही एकदम म्हणालात, "तीन वर्षं झाले यांच्यासाठी देवाले मांगून राह्यली मी. एक बोट तरी हालवलं का त्यानं? आता डोये मिटले की मनात त्याले शिव्याच येते." मी हातातली मिरची तशीच धरून बसले. तुम्ही कधी कुणाकडे रडगाणं गाणाऱ्या नव्हतात. मला सांगितलंत, कारण मी घरची होते.

त्याच आठवड्यात सभा लताबाईंकडे होती. आपली रीत अशी, की आधी प्रत्येकीने आपापला विषय सांगायचा आणि मग पाळी असेल तिने ते सगळे देवापुढे मांडायचे. जिने जे सांगितलं नाही, ते मांडायचं नाही. हे काय मला ठाऊक नव्हतं? तुम्ही तर स्पष्ट म्हणालात, "माहा काही विषय नाही बाई." तरी मी उभी राहिले आणि माझ्या त्या घोटलेल्या आवाजात म्हटलं, "प्रभू, आमच्या सुशीलाताईंच्या मनात तुझ्याबद्दल कडवट विचार आलेत, त्या तुला शिव्या देतात, त्यांना क्षमा कर." अकरा बाया एकदम 'आमेन' म्हणाल्या. एवढं मोठं आमेन मला आधी कधी मिळालं नव्हतं.

काळजीपोटी केलं असं मी स्वतःला कितीदा तरी समजावलं. पण ती चहाडीच होती, ताई. फक्त डोळे मिटून केलेली. हेच मी हापशीवर बोलले असते तर एखादीने तरी मला गप्प केलं असतं. प्रार्थना करणाऱ्या बाईला कोण अडवणार? तुमच्या मनात आलं ते तुमच्या मनातच होतं. मी मात्र देवाचं नाव घेऊन माणसाची अब्रू काढली. त्या दिवशी देवाचा अपमान नेमका कुणी केला?

तुम्ही उठून गेला नाहीत. चहा घेतलात, कपबशी विसळून ठेवलीत आणि माझ्यासोबतच चालत घरी आलात. वाटेत एवढंच विचारलंत, "भाजी काय केली तू?" का नाही भांडलात माझ्याशी? दोन शिव्या मला द्यायच्या होत्या, मला त्या लागल्या असत्या, मी रडले असते, माफी मागून मोकळी झाले असते. तुम्ही ती सोयही ठेवली नाहीत. पुढच्या गुरुवारपासून तुमचं येणं बंद झालं. भाऊजींना एकटं सोडता येत नाही म्हणालात. तीन वर्षं सोडून येतच होतात की!

मग पोळ्याच्या आठवड्यात ओट्यावर भांडी घासता घासता तुम्ही छातीला हात लावलात. ऑटोत तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. माफी मागायला चिखलीपर्यंतचा सगळा रस्ता होता, आणि मी नुसतं "घाबरू नका" म्हणत बसले. अर्ध्या वाटेवर तुम्ही गेलात. मला ते दवाखान्यात डॉक्टरांनी सांगेपर्यंत कळलंही नाही.

आज सकाळी पाळकसाहेब येऊन गेले. रविवारी उपासनेनंतर तुमच्या आठवणीची प्रार्थना आहे. म्हणाले, "मंदाबाई, उपकारस्तुतीची प्रार्थना तुम्हीच करा, तुमच्यासारखे शब्द कोणालेच जमत नाही." मी हो म्हणून मान हलवली.

ताई, त्या दुपारी तुमचं बोलणं शिव्यांवर संपलं नव्हतं. तुम्हाला तिखटाने शिंका आल्या, पदराने नाक पुसलंत आणि म्हणालात, "पण भांडते म्हणून तं त्याच्याशी बोलून राह्यली मी. दुसरं कोण आहे मले भांडायले? ज्या दिवशी त्याच्याशी वरवर गोड बोलीन ना मंदे, त्या दिवशी समज, मी त्याले परकं केलं."

हे मी लताबाईंकडे बोललेच नाही. तुमच्या बोलण्यातलं निम्मं उचललं आणि निम्मं तिथेच, मिरच्यांच्या ढिगात टाकून दिलं. पुढचं सांगितलं असतं तर क्षमा माझ्यासाठी मागावी लागली असती. वरवर गोड बोलत होते ती मी. त्याला परकं मी केलं होतं.

उद्या मी अंगणवाडीतून सुट्टी घेऊन जानेफळला जाते. रूथला सांगेन की हो, तुझी आई असं बोलली होती. आणि पुढचंही सांगेन, तुमच्याच शब्दांत, एक अक्षर न गाळता. मग हे बाहेर कुणी काढलं तेही सांगेन. ती मला पुन्हा काकू म्हणेल की नाही, मला माहीत नाही. रविवारी मंडळीपुढेही हेच सांगेन आणि खाली बसेन. प्रार्थना दुसऱ्या कुणीतरी करावी. लेकीने तुम्हाला चुकीचं समजून जगू नये, एवढं तरी माझ्या हातात आहे. ते मी करीन, हा माझा शब्द.

तुमची धाकटी जाऊ,
मंदा