‘टाक’ म्हणजे काय

शुक्रवार, १४ मार्च

चि. धाकट्यास,

ताईचे आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहोत. आईचा गुडघा आता कुरकुरत नाही. बाबांनी नवा चष्मा केला, पण घालत नाहीत.

तुझी ‘आवराआवर’ आमच्या ऑफिसात पोचली. कॉम्प्युटरवरच्या फायली हलवायच्या, शोधायच्या, पुसायच्या, या रोजच्या कामांच्या तयार प्रोग्रॅमांची आयती लायब्ररी, आणि हुकूम सगळे मराठीत: उचल, शोध, टाक. साहेब नावावरच लट्टू. “वाचलं की काम कळतं,” म्हणाले. हेच काम माझी लायब्ररी इथे कित्येक वर्षं करते आहे. तिचं नाव ‘फाइल-साधने’. तिच्यावर कुणी लट्टू झाल्याचं ऐकिवात नाही.

आई शेजारणीला सांगत होती, “धाकट्याने कॉम्प्युटरला आवरायला शिकवलं.” मी कॉम्प्युटरला काय शिकवलं, हे तिने अजून विचारलेलं नाही.

नाव छान आहे, आणि ते मला सुचलं नाही याचा राग येतो. सुट्टीच्या दिवशी आई आपल्यावर ओरडायची तोच शब्द. तू पळून जायचास, आवरायचे मी.

सोमवारी साहेब ठरवणार, माझी ठेवायची की तुझी आणायची. तोवर तुझी वापरून बघतो आहोत. काल शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी अहवालाच्या फायलीला ‘टाक’ म्हटलं आणि कुठे टाकायची ते लिहायचं राहिलं. फाइल गेली. जागा सांगितली तर ठेवायचं, नाही सांगितली तर फेकायचं, असं तू ठरवलंस ना? बोलण्यात ते चालतं. ‘कपडे कपाटात टाक’, ‘केर टाक’, आपला गोंधळ होत नाही. पण आपल्याला समोर केर दिसतो रे. मशीनला कपडे आणि केर सारखेच.

बाईंना वाटलं, आपलंच चुकलं. मी जुन्या प्रतीवरून फाइल परत आणून दिली. साहेबांना त्या बोलल्या नाहीत, मीही नाही. मला मात्र इतका आनंद झाला की जेवताना एकटीच हसत होते. नवऱ्याने विचारलं, “काय झालं?” म्हटलं, “कुठे काय.”

साहेबांना सांगितलं तर माझी राहते. तुला सांगितलं तर तू दोन दिवसांत दुरुस्त करशील आणि माझी जाईल. कालपासून मी हाच हिशेब करते आहे.

तर ऐक. ‘ठेव’ आणि ‘फेक’ असे दोन वेगळे हुकूम कर. ‘टाक’ टाकून दे. सोमवारच्या आत.

मी मोठ्या मनाने हे केलं, असं आईला सांगू नकोस. जळफळत लिहिते आहे. पण आपल्या घरातल्या शब्दाला परक्यांनी नावं ठेवलेली मला सोसणार नाहीत.

लायब्ररीवर माझंही नाव घालू का, असं तू विचारलं होतंस. नको. घातलंसच तर तुझ्या नावाच्या वर घाल.

तुझ्याहून मोठी,
ताई